कुर्ल्याला गेलेला कॉम्प्रेसर

जुलैमधल्या एका रविवारी सकाळी मुलुंडहून काकांचा फोन आला. "मिस्त्री, गाडी पुन्हा बसली हो." त्यातला 'पुन्हा' मला लागला. 14 महिन्यांपूर्वी याच गाडीचा कॉम्प्रेसर मीच बदलला होता.

गाडी जर्मन बनावटीची, मोठी, 12 वर्षं जुनी. काका बँकेतून रिटायर झालेले. ही गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली ती मिरवायला नाही. काकूंचे दोन्ही गुडघे ऑपरेशन केलेले. या गाडीला एक बटण आहे, ते दाबलं की गाडी खाली येते, काकू बसतात, मग गाडी आपसूक वर होते. त्या बटणासाठी त्यांनी ही गाडी घेतली. म्हणून तिचं सस्पेन्शन, म्हणजे गाडी चाकांवर तोलून धरणारी यंत्रणा, बिघडलं की काकूंचं घराबाहेर पडणंच थांबतं.

मुलुंडला पोचलो तर गाडी पुढच्या डाव्या बाजूने पार खाली गेलेली. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट जात नव्हतं. मी वाकून बघत होतो तेवढ्यात सोसायटीचे वॉचमन मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"ही गाडी रात्रीची घरघरते बघा."

"रात्रीची? म्हणजे बंद असताना?"

"व्हय तर. बारा वाजता एकदा, दोनला एकदा, मग पहाटे. पाऊस लागल्यापासून लईच. मला वाटलं, साहेबांना ठाऊक असंल."

"कधीपासून मामा?"

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून. मग तुम्ही काम केलंत, तवा आवाज बारीक झाला. पर थांबला न्हाई कधी."

मी तसाच खाली बसून राहिलो. मामांनी दोन वाक्यांत माझ्या 14 महिन्यांपूर्वीच्या कामाचा निकाल लावला होता.

थोडं समजावून सांगतो. या गाड्यांना लोखंडी स्प्रिंग नसते. चार चाकांवर चार रबरी बलून, त्यांत हवा भरणारा एक छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर, हवा कुठल्या बलूनला जाणार ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि उंची मोजणारे सेन्सर. या मॉडेलमध्ये गाडी लॉक करून ठेवली तरी कंट्रोल युनिट अधूनमधून जागं होऊन उंची तपासतं. कोपरा खाली आलेला दिसला की ते कॉम्प्रेसर चालू करतं. म्हणजे रात्रीत तीन-तीनदा घरघर होत असेल तर हवा कुठूनतरी जातेय, आणि बिचारा कॉम्प्रेसर फुटक्या घागरीत पाणी भरत बसलाय. अशा ठिकाणी नवा कॉम्प्रेसर लावणं म्हणजे घागर तशीच ठेवून पाणक्या बदलणं.

मी तेच केलं होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात गाडी आली तेव्हा स्कॅनरवर कॉम्प्रेसर जास्त तापल्याचा कोड होता. आता गॅरेजमध्ये नवी पोरं येतात ती स्कॅनर लावतात, कोड वाचतात आणि त्यात ज्या पार्टचं नाव येईल तो पार्ट मागवतात. मी त्यांच्यावर चिडतो. कोड सांगतो की कॉम्प्रेसर तापला, तो का तापला हे सांगत नाही. पण तेव्हा मीसुद्धा जवळपास तसाच वागलो. लिकेज बघितलं नाही असं नाही. गाडी लिफ्टवर घेतली, चारही बलूनवर आणि पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. कुठे फेस आला नाही. मग कॉम्प्रेसरच गेलाय असं काकांना सांगितलं. पार्ट आणि मजुरी धरून 68 हजार घेतले. जुना कॉम्प्रेसर न उघडता भंगाराच्या पोत्यात टाकला आणि तो कुर्ल्याला गेला.

या वेळी गाडी टोइंगच्या गाडीवर घालून गाळ्यात आणली आणि ठरवलं की एकही पायरी सोडायची नाही.

आधी करंट. कॉम्प्रेसरच्या वायरला क्लॅम्प मीटर लावून तो चालवला तर आकडा 14 अँपिअरच्या आसपास. गेल्या वर्षी बसवल्यावर हाच कॉम्प्रेसर 20च्या वर घेत होता, माझ्या वहीत लिहिलेलं आहे. आउटलेटचा पाइप काढून प्रेशर गेज लावला. काटा 6 बारला जाऊन थबकला. या गाडीचं नाक उचलायला एवढ्याने भागत नाही. मोटर फिरतेय, करंट कमी घेतेय आणि प्रेशरही कमी, याचा अर्थ तिला जोरच लागत नाहीये, हवा पिस्टनच्या कडेने मागे जातेय. पुढे वाट तुंबलेली असती तर करंट उलट वाढला असता. या दोन आकड्यांचा असा जोडीने विचार करायचा, हे मी शिकवायला मिळेल त्या प्रत्येक पोराला शिकवतो.

मग व्होल्टेज. बॅटरीवर 12.4 आणि कॉम्प्रेसरच्या प्लगवर, तो चालू असताना, 10.3. दोन व्होल्ट वाटेत खाल्ले जात होते. रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, उघडला तर आतले पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले. काही शे रुपयांचा पार्ट. कॉम्प्रेसरबरोबर तो बदलायचाच असतो. लिकेजमुळे कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो, दर वेळी रिलेत ठिणगी पडते, आणि एके दिवशी पॉइंट चिकटले की कॉम्प्रेसर बंदच होत नाही, जळेपर्यंत चालतो. गेल्या वर्षी रिले बदलल्याची नोंद माझ्या वहीत नाही.

रात्री 9 वाजता सस्पेन्शनचा फ्यूज काढला, म्हणजे कंट्रोल युनिटला रात्रीतून लपवाछपवी करता येणार नाही. त्याआधी बाहेरून हवा देऊन गाडी नेहमीच्या उंचीला आणली होती. टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं आणि खडूने टायरवरच लिहिलं. सकाळी 7 ला येऊन परत मोजलं. तीन कोपरे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. पुढचा डावा 47 मिलिमीटर खाली.

आता प्रश्न हा की बलून की व्हॉल्व्ह ब्लॉक, आणि बलून असेल तर गेल्या वर्षी साबणाला फेस का आला नाही?

उत्तर लिफ्टमध्ये होतं. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी घेतली की चाकं लोंबतात. बलून ताणला जातो आणि त्याची घडी दुसरीकडे सरकते. रबर झिजतं ते नेहमीच्या उंचीला घडी जिथे पडते तिथे. ती जागा लोंबत्या चाकाला सरळ होते आणि चीर मिटते. म्हणून या वेळी गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, उभी केली, चाकांवर पूर्ण वजन ठेवून. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, धुळीपासून वाचवणारं रबरी कव्हर खाली सरकवलं, पिटात उतरून टॉर्च तोंडात धरला आणि ब्रशने साबण लावला. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही. मग घडीच्या खालच्या वळणावर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकेक करून यायला लागले. सावकाश, पण न थांबता.

हेल्परला म्हटलं, जॅक लाव आणि वजन काढ. चाक लोंबलं तसे बुडबुडे थांबले. वजन दिलं, परत सुरू. तीनदा करून बघितलं. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा बघायचं होतं.

घडीत बारीक वाळू आणि चिखल अडकलेला होता. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे डावी चाकं कायम गटाराच्या बाजूच्या पाण्यातून आणि खड्ड्यांतून जातात. माझ्याकडे येणाऱ्या फाटलेल्या बलूनमध्ये डावे जास्त असतात, आणि त्याचा दोष मी गाडी बनवणाऱ्यांना देत नाही. मुंबईतले रस्ते दर पावसाळ्यात नव्याने उखडतात आणि त्याचं बिल काकांसारखी माणसं भरतात.

नंतर कॉम्प्रेसर उघडला. गेल्या वर्षी जे केलं नाही ते. पिस्टनची रिंग झिजून पातळ झालेली आणि सिलिंडरच्या भिंतीवर करडी भुकटी. ड्रायर उलटा केला तर सिलिका जेलच्या गोळ्यांऐवजी ओलसर चुरा बाहेर पडला. ड्रायरचं गणित मला या सगळ्या सिस्टिममध्ये सर्वांत सुंदर वाटतं. कॉम्प्रेसर बाहेरची दमट हवा घेतो आणि ड्रायर तिच्यातलं पाणी शोषतो. गाडी खाली करताना बलूनमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि जाता जाता त्यातलं पाणी घेऊन जाते. येताना ओलं करायचं, जाताना वाळवायचं. पण बलूनला चीर असेल तर हवा उलट्या वाटेने येतच नाही, चिरेतून निघून जाते. ड्रायर फक्त ओला होत राहतो. त्यात मुंबईतला जुलै. गोळ्या फुटून चुरा होतो आणि तो चुरा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातो.

चिरेने ड्रायर मारला, रिंग मारली, रिले मारला. आणि कोडमध्ये नाव आलं कॉम्प्रेसरचं.

काकांना गाळ्यात बोलावलं. पिटाशी स्टूल टाकून बसवलं, बुडबुडे दाखवले, रिंग हातात दिली. म्हटलं, "काका, गेल्या वर्षी मी चुकलो. लिकेज तेव्हाही असणार. मी चुकीच्या पद्धतीने बघितलं."

काका रिंग उलटीपालटी करत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा कॉम्प्रेसर खराब नव्हताच का मग?"

मला उत्तर देता आलं नाही. असेलही खराब. इतके महिने लिकेज सोसून त्याचीही रिंग गेली असेल. किंवा कॉम्प्रेसर चांगला असेल, नुसता सारखा चालून तापत असेल आणि कंट्रोल युनिट त्याला वाचवण्यासाठी बंद करत असेल. तसं असेल तर बलून आणि रिले बदलून काम झालं असतं. उघडला असता तर अर्ध्या तासात कळलं असतं.

डावा बलून नवा घातला, उजवाही. एकाच वयाचे, एकाच रस्त्यावर चाललेले, दुसऱ्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रिले बदलला, व्हॉल्व्ह ब्लॉक साफ केला, पाइप फुंकून काढले. कंपनीच्या काउंटरवर रिंग आणि ड्रायर सुटे मिळत नाहीत, अख्खा कॉम्प्रेसर घ्या म्हणतात. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. शेवटी बाजारातली रिंग आणि नवे सिलिका जेल घालून त्याच कॉम्प्रेसरचं काम केलं. गेजवर काटा न अडखळता वर गेला, करंट 22. बलून आधी भरले आणि मगच गाडीचं वजन चाकांवर दिलं. रिकाम्या बलूनवर गाडी टेकवली तर नवं रबरसुद्धा चुकीच्या जागी दुमडून फाटतं. पोरं घाईत हे विसरतात. काकांकडून फक्त पार्टचे पैसे घेतले. ते जास्त देत होते, मी घेतले नाहीत.

एका माणसाने काकांना सांगितलं होतं की बलून काढून लोखंडी स्प्रिंगा टाका, कायमची कटकट जाईल. जाईलही. पण मग गाडी खाली होणार नाही आणि काकूंना चढता येणार नाही. असा सल्ला देणाऱ्याने गाडीत बसणाऱ्या माणसाकडे एकदा बघायला हवं होतं.

गाडी द्यायला मी स्वतः मुलुंडला गेलो. काकूंनी बटण दाबलं, गाडी खाली आली, त्या बसल्या, गाडी वर झाली. मामांना म्हटलं, आता रात्री कान ठेवा आणि आवाज आला तर मला थेट फोन करा. त्यांनी नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. आठवड्याने त्यांचा फोन आला, "गप हाय गाडी."

आता गाळ्यात कुठलीही गाडी आली की मी मालकाला विचारतो, रात्री ती कुठे उभी असते आणि तिच्याजवळ कोण असतं. निघालेला प्रत्येक कॉम्प्रेसर उघडून बघतो.

त्यानंतरच्या सोमवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो होतो, दुसऱ्या गाडीच्या कामासाठी. माझं भंगार घेणाऱ्याच्या दुकानात शिरलो आणि गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या कॉम्प्रेसरबद्दल विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, अहो, तो माल त्याच आठवड्यात फुटला, तांबं वेगळं, अॅल्युमिनियम वेगळं. आत रिंग कशी होती ते कोण बघतं?