पन्हाळ्याला तोंड नाही हो!

कोल्हापूरचे दिवस अंबाबाईची रांग आणि तांबडा-पांढरा रस्सा यांत गेले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पन्हाळ्यावर सज्जा कोठीपाशी भेटलेल्या एका गाईडदादांबद्दल.

रविवार होता, पाय ठेवायला जागा नव्हती. सहलीला आलेल्या पोरांना दादा हातवारे करून सांगत होते, "आपण हुबं हाय ते ज्वालामुखीच्या तोंडावर! हितनंच लाव्हा उडाला!" पुरावा म्हणून त्यांनी तांबड्या दगडाची भोकं दाखवली. "हे बघा बुडबुडे!" पोरं खूश. मला मात्र राहवेना.

तो तांबडा दगड म्हणजे जांभा. काळ्या दगडातलं जे जे विरघळेल ते पावसानं लाखो वर्षं धुऊन नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियमचा भाग मागं उरला, त्याची ही चाळण. भोकं पावसाची, लाव्ह्याची नव्हेत.

आणि तोंड? ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला शंकूच दिसतो. खोलवर वितळलेला खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. वर येईल तसा दाब उतरतो आणि त्यात विरघळलेला वायू सुटू लागतो. पुढचं सगळं रस किती दाट यावर. सिलिका (वाळूत असते तीच) जास्त असेल तर रस चिकट, वायू कोंडतो आणि इंडोनेशियातल्या १८८३ च्या क्राकाटोआ ज्वालामुखीसारखा हाहाकार होतो. जपानचा फुजी राख आणि लाव्ह्याच्या थरांवर थर बसून उंच झालाय. हवाईच्या मौना लोआचा रस पातळ, लांबवर वाहणारा, म्हणून तो डोंगर अवाढव्य रुंद आणि उताराला मंद.

आपल्याकडं यातलं काहीच नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, पातळ बेसाल्ट (थिजला की तोच आपला काळा दगड) वर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला. थरावर थर. आजही तो ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलाय. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकीची भेग आठ महिने वाहत होती, तिच्या विषारी वायूनं गुरं मेली, दुष्काळ पडला. दख्खनच्या या लाव्ह्यापुढं ती किरकोळच. पन्हाळा म्हणून काही जमिनीतून वर आलेलं नाही. भोवतालचं नद्यांनी आणि पावसानं कापून नेलं, उरला तो पन्हाळा. शेजारच्या मसाई पठाराचा सपाट माथा पाहिला तरी पटेल.

हे सगळं मी दादांना बाजूला घेऊन ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सायेब, तुमचं बरोबर आसंल. पण पब्लिकला तोंड लागतंय. भेगंला कोण पैसे देतंय?"

यावर काय बोलणार! पिठलं-भाकरी खाल्ली (पिठलं झकास, भाकरी गार, पार्किंगचं विचारूच नका) आणि उतरलो.

वाघबीळच्या वळणाजवळ, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत मला हवा तो दगड सापडला. ड्रायव्हरदादा कुरकुरले, पण थांबले. काळाभोर बेसाल्ट, त्यात नखावर मावतील एवढी गोल भोकं. काही रिकामी, काहींत पांढरे स्फटिक घट्ट बसलेले, बोट फिरवलं की टोचणारे. हे खरे बुडबुडे. वायू निघून गेला, जागा तेवढी राहिली आणि मागाहून पाझरलेल्या पाण्यातल्या क्षारांनी ती भरली. मी हरखून ड्रायव्हरदादांना मेक्सिकोचा पारिकुतिन ज्वालामुखीही सांगितला. १९४३ साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात भेग पडली, आतून तापलेली खडी आणि राख उडायला लागली, आणि वर्षभरात तिथं तीनशे मीटरहून उंच डोंगर उभा राहिला.

ड्रायव्हरदादांनी दगड उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "आमच्या उसात आसलं काय उगवाय नगं. आधीच दर मिळंना झालाय."