कंदाचा हिवाळा

काल रात्री पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीबद्दल वाचत बसलो आणि झोपच उडाली. ब्रिटिशांनी समुद्र अडवला, बाहेरून खत येईना, खतासाठी लागणारा कारखान्यातला नायट्रोजन बराचसा दारूगोळ्यात, शेतातले घोडे आणि गडी दोन्ही आघाडीवर. 1915 ला डुकरं बटाटे खातात म्हणून लाखो डुकरं कापली (काय डोकं!), मग शेणखतही गेलं. 1916 ला बटाटा सडला, आणि जो वाचला तो शहरात न्यायला रेल्वेचे डबे नाहीत. मग त्या हिवाळ्यात गुरांना घालायचा तो सलगमसारखा कंद, त्याचीच भाजी, त्याचाच पाव, जॅमही त्याचाच आणि कॉफीसुद्धा!! तरी लढाई चालूच, 1917 मध्ये चर्चच्या घंटाही उतरवून वितळवायला नेल्या.