तीन तारे दिसेपर्यंत

डिसेंबरातल्या बैठकीची आमंत्रणं वाटून झाली होती, शनिवार दुपारी चारची. गुरुवारी आजींचा फोन आला. "बाळा, शनिवारी आमचा शब्बाथ. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मी चुलीला हात लावत नाही."

आजी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात या लोकांना 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. हे मला ठाऊक होतं. तरी आजींना बोलावताना वार मी शनिवारच धरला. ती बोच अजून जात नाही.

वस्त्यांमधल्या बायकांच्या सर्वधर्मीय बैठका भरवणं हे संस्थेत माझं काम. नागपुरातल्या ताजबाग, इंदोरा, सदर इथून बायका येतात. आजी मूळच्या अलिबागकडच्या, सदरला लेकाकडे राहायला आलेल्या. त्या सगळ्यांसमोर मलिदा, म्हणजे त्यांच्याकडचा गोड पोह्यांचा प्रसाद, करणार होत्या.

वेळ सहाची केली. बायका साडेपाचलाच हजर. ताजबागच्या आपांनी आतल्या खोलीत मगरिबची नमाज पढली आणि मग सगळ्याच गच्चीवर गेलो. आपा म्हणाल्या, "ईदचा चांद असाच शोधतो आम्ही." दोन तारे लगेच दिसले. तिसरा सापडेना. शेवटी एका मुलीने पाण्याच्या टाकीवर बोट दाखवलं, तेव्हा आजींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढचा आठवडा सगळ्यांना चांगला जावो म्हणाल्या.

खाली येऊन त्यांनी पोहे भिजवले. गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा. बाजूला फळं, त्यात आपली संत्री. "दर्ग्यावर आम्हीपण मलिदा नेतो, पण तो पोळीचा चुरा, तूपसाखर घालून," आपा म्हणाल्या. आजींचा मलिदा एलियाहू हन्नाबीच्या नावाचा. चर्चमधल्या सिस्टर लगेच म्हणाल्या, "बायबलातला एलिया!" आपा म्हणाल्या, "हजरत इलियास." अग्निरथातून स्वर्गात गेलेल्या त्या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उमटल्या आहेत, असं आजींच्या माणसांची श्रद्धा सांगते. सिस्टरना ते ऐकून फार नवल वाटलं.

मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई तेली समाजाच्या. त्या सरकत पुढे आल्या. "म्हंजे तुमी बी घाण्यावालेच का वो?" मग बैल, लाकडी घाणा, जवस, तीळ, पेंड. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मी तयार केलेले प्रश्न पिशवीतच राहिले, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

तेवढ्यात एका तरुण मुलीने गाझाचं विचारलं. खोली गप्प झाली. अशा वेळी विषय बदलायची मला सवय आहे. त्या दिवशी मी बदलला नाही. आजी थांबून म्हणाल्या, "माझी बहीण अश्दोदला असते. सायरन वाजला की नातवंडांना घेऊन पळते. आणि गाझातली पोरं टीव्हीवर दिसली की मला घास गिळवत नाही. दोन्ही खरं आहे, बाळा." मुलगी काही बोलली नाही. आपांनी मलिद्याची पहिली वाटी तिच्या हातात दिली, दुसरी आजींच्या.

निघताना पुढच्या बैठकीचा वार ठरवायचा होता. शुक्रवारी आपांचा जुम्मा, शनिवारी आजींचा शब्बाथ, रविवारी सिस्टरांची मिस्सा. मी डायरी काढेपर्यंत त्यांनी आपसात बुधवार ठरवून टाकला होता.