डीफ्रॅग लावला: बूट तेवढाच, व्हर्च्युअल मशीन मात्र टुणकन उठली

काल रात्री जुन्या डेस्कटॉपची डिस्क अखेर डीफ्रॅगला लावली, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग जोडायला. ५०० जीबी, ५४०० आरपीएम (मिनिटाला तेवढे फेरे). आधी स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) बघितला, पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, शून्य. हा आकडा वाढत असेल तर डीफ्रॅगचं नावही काढू नका, आधी बॅकअप घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभराची ही ओढाताण झेपत नाही.

सकाळी स्टॉपवॉच घेऊन बसलो. बूटचा, म्हणजे विंडोज सुरू व्हायचा, वेळ जवळपास तेवढाच! तीनदा रीस्टार्ट केलं, फरक माझ्या बोटाच्या चुकीइतका. हिरमुसलो. मग व्हर्च्युअलबॉक्समधली, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमधली, लिनक्स चालू केली, तर ती चक्क लवकर उठली.

मग हिशेब मांडला. ५४०० आरपीएमला एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.५. हेड सरकायला साधारण १२ धरा. एका उडीला १७-१८ मिलिसेकंद गेले. लिनक्सची डिस्क-फाइल (तिची अख्खी डिस्क जिच्यात असते ती फाइल) डायनॅमिक, लागेल तशी फुगत गेलेली. कॉन्टिग या तुकडे मोजणाऱ्या टूलने तिचे हजारावर तुकडे दाखवले होते. हजार उड्या म्हणजे १७-१८ सेकंद नुसत्या धावपळीत! (सगळे तुकडे बूटला लागत नाहीत हे मान्य, पण अंदाज यावा.) दहाच तुकडे असते तर पाव सेकंदही गेला नसता.

विंडोजच्या बूटला हजारो बारक्या फाइली वाचायच्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा मुळातच एकसंध. पण एकीवरून दुसरीवर उडी मारावीच लागते, आणि ती उडी डीफ्रॅगने सहसा टळत नाही.

तसंही व्हिस्टापासून विंडोज हे काम ठरल्या वेळी आपणहून करतं, आणि ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांच्या वाटेला सहसा जात नाही. एवढा तुकडा वाचताना एका उडीचा वेळ कुठल्या कुठे विरून जातो. माझ्याकडे ते शेड्यूल मीच कधीतरी बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे ओरडायचं तर स्वतःवरच.

एसएसडीवाल्यांनी हाताने डीफ्रॅग करू नये. तिथे सरकायला हेडच नाही, उगाच राइट सायकल (लिहिण्याच्या मोजक्या खेपा) खर्ची पडतात. ट्रिम (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू आहे ना, एवढं पाहा.

पुढच्या खेपेला रिकामी जागा आधी सलग करून ती डायनॅमिक फाइल फिक्स्ड साइजमध्ये (सगळी जागा आधीच घेऊन) क्लोन करणार आहे. तुकडे किती उरले ते कॉन्टिगला विचारून कळवतो. बूटसाठी मात्र स्टार्टअपच्या यादीवर कात्री चालवायला घेतली आहे.