तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगनचे पंख वेगळे कोरून का लावता?

लाकडी ड्रॅगन हातात घेतला की बरेच जण तो आधी उलटा करून पाठ बघतात. पंखांच्या मुळाशी जोड सापडला की विचारतात, "म्हणजे हा अखंड लाकडातला नाही?" सुरात थोडी नाराजी असते, जणू जोड म्हणजे लबाडी. तर नाही, अखंड नाही. का, ते लाकडाच्या रेष्यांत आहे.

रेषे लांबीत धावत असतील तर काडी वाकते, सहसा मोडत नाही. तेच रेषे आडवे असले की ती खारीसारखी कडकन तुटते. ठोकळ्यात रेषे एकाच दिशेने असतात, आणि ड्रॅगनला मात्र चारी दिशांना बारीक अवयव: मान वर, शेपूट मागे, पंख बाजूला, शिंगं तिरपी. चिनी ड्रॅगन सापासारखा लांब, त्याला बहुधा पंख नसतात, त्यामुळे तो आडव्या ठोकळ्यात निमूट बसतो. पंखवाला युरोपीय ड्रॅगन हे खरं दुखणं. बसलेल्या ड्रॅगनचे रेषे उभे धरले तर मान आणि पाय भक्कम होतात, पण पसरलेले पंख नेमके आडव्या रेष्यांत येतात. तीन मिलिमीटर जाडीचा असा पंख कोरतानाच जातो, किंवा पुढे कुणीतरी झटकणीने फर्निचर पुसताना जातो.

नऊ इंच उंचीच्या ड्रॅगनला १० × ५ × ४ इंचाचा ठोकळा पुरतो. पंखांसाठी चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची, वेगळी फळी घ्या. लाकूड शिवणीचं उत्तम: हलकं, मऊ, सुकल्यावर फारसं हलत नाही. खवल्यांचं बारीक काम हवं असेल तर हळदू, त्याचे कण बारीक आणि एकसारखे असतात. सागाचा मोह टाळा. त्यातल्या सिलिकामुळे पटाशीची धार पटकन जाते. ठोकळ्यात खोडाचा अगदी मधला भाग आलेला नसावा, तडे तिथूनच सुरू होतात. लाकूड वाळलंय की नाही हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं: दर आठवड्याला वजन करा, उतरायचं थांबलं की कोरायला घ्या.

एका बाजूवर ड्रॅगनची बाजूची आकृती काढा, दुसरीवर समोरची. आधी बाजूची आकृती करवतीने कापायची. निघालेले तुकडे फेकू नका. टेपने परत जागेवर चिकटवा, कारण समोरची आकृती त्यांच्यावरच उरलेली असते. मग दुसरी कापा. तळाला एक इंच जास्तीचं लाकूड सोडा, शिकंजात धरायला तेच लागतं. पायांमधली पोकळी गिरमिटाने दोन्हीकडून अर्धी-अर्धी पाडावी, नाहीतर पलीकडच्या बाजूला ढलपी उडते. पाठीवरची मध्यरेषा पुसली गेली की लगेच पुन्हा काढा. डोळे वर-खाली होतात ते या रेषेकडे दुर्लक्ष झालं म्हणूनच.

मान लवकर बारीक करू नका. डोक्यावर पटाशी चालवताना सगळा जोर मानेवर येतो. डोकं पूर्ण होईपर्यंत ती हवी त्यापेक्षा दीडपट जाड राहू द्या. शेपटीचं टोक आणि मांडी यांच्यामध्ये लाकडाचा एक छोटा पूल ठेवून तो सगळ्यात शेवटी काढा. शिंगांच्या टोकांना पातळ फेविक्विक पाजलं तर ती तग धरतात, पण तिथे तेल मुरत नाही आणि डाग दिसतो, म्हणून अगदी टोकालाच.

आता खवले. ओळी पेन्सिलीने आखा, पुढची ओळ मागचीपेक्षा अर्ध्या खवल्याने सरकलेली, कौलांसारखी. शेपटीच्या टोकाला खवला तीन मिलिमीटरचा, खांद्यावर आठचा. खवल्याची मोकळी कड शेपटीकडे. त्या कडेवर गोल पटाशी सरळ उभी धरून एक मिलिमीटर दाबायची. मग शेपटीच्या बाजूने, पटाशी जवळजवळ आडवी धरून, त्या छेदापर्यंत पातळ ढलपी काढायची. खालचा खवला वरच्याच्या पोटात शिरल्यासारखा दिसतो. छेद देताना पटाशी खवल्याच्या आत कलली की त्याचं टोक पोखरलं जातं आणि टवका उडतो. ढलपी सुटून न येता उपटून येत असेल तर धार गेली आहे. दगडावर धार लावून झाली की चामड्याच्या पट्ट्यावर दहा-पंधरा वेळा ओढा, फक्त मागे, पुढे नाही.

पूर्ण अंग भरायचं तर पाचशेच्या आसपास खवले होतात, आणि खवल्याला एक मिनिट धरलं तरी आठ तास. ते करू नयेच असं माझं मत. सगळीकडे खवले कोरले की ड्रॅगनचा फणस होतो. पाठ, खांदे, मानेची वरची बाजू एवढं पुरे. पोटावर रुंद आडव्या पट्ट्या, बाकी अंग गुळगुळीत. आणि पटाशीचं काम संपेपर्यंत काचपेपर दूर ठेवा. त्याचे कण लाकडात रुततात आणि पुढची प्रत्येक धार खातात.

पंखांच्या फळीत सगळ्यात लांब बोट, म्हणजे पंखाचा पडदा ताणून धरणारी काडी, रेष्यांच्या दिशेत ठेवा, इतर बोटं त्याच्या दोन्हीकडे जमतील तितकी जवळ. आतली खोलगट बाजू आधी कोरायची, कारण तोवर पाठ सपाट असते आणि फळी टेबलावर घट्ट बसते. उलटवल्यावर खाली वाळूची पिशवी. कडेला एक सूत जाडी उरली की थांबा. पंखाच्या मुळाशी दोन सुती खुंटी ठेवा, तिच्यातही रेषे लांबीतच. खांद्यातल्या भोकात ती कोरडी बसवून बघा, मग फेविकॉल, आणि जवसाचं तेल त्यानंतरच; तेल लागलेल्या लाकडावर सरस धरत नाही. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

जोडाची रेघ खांद्यावरच्या कातडीच्या घडीखाली येईल अशी आखली तर शोधणाऱ्यालाच सापडते. अंगाचे आणि पंखाचे रेषे वेगळ्या दिशांना, म्हणून दोन्ही सारखे फुगत-आटत नाहीत. मे महिन्यात तिथे केसाएवढी फट दिसली तर लांबी (पुट्टी) भरू नका. जुलैत लाकूड फुगलं की ती लांबी बाहेर ढकलली जाते.