गावात जाऊन येते

नाशिकबाहेरच्या माणसाला हे वाक्य ऐकून हसू येतं. इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड, कुठेही राहणारा असो, जुन्या नाशकातल्या मेन रोडला निघाला की "गावात जाऊन येतो" म्हणणार, जसं काही बाकीचे आम्ही सगळे मळ्यात राहतोय. आणि नदीला गोदावरी फक्त पेपरात म्हणतात, आमच्या तोंडी ती गंगा. गंगेवर गेलो होतो म्हणजे हरिद्वारला नाही, बुधवारच्या बाजाराला भाजी आणायला.

तर मागच्या आठवड्यात गावात गेले होते. आमचा वाडा तिवंध्याजवळ, म्हणजे जुन्या गावातल्या तिवंधा चौकापाशी. आहे म्हणायचं की होता, हे घरात अजून ठरलेलं नाही, कारण पुढची भिंत बल्ल्यांचे टेकू लावून उभी आहे, आत कुणी राहत नाही, आणि पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतीची नोटीस न चुकता येते. ती नोटीस येते आजोबांच्या नावाने, ज्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली.

"नाशिक नव टेकांवर वसविलें", म्हणजे नऊ टेकड्यांवर, असं जुने लोक म्हणायचे. लहानपणी मला ही टेकं कुठेच दिसायची नाहीत, मग एकदा सायकलवरून पडले तेव्हा कळलं की गावातल्या प्रत्येक बोळाला चढ नाहीतर उतार आहेच. चित्रघंटा, गणपतीचं टेक, जुनी गढी, नवी गढी, ही सगळी टेकंच. त्यातल्या जुन्या गढीवर १९५०-५१ ला सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि खाली ताम्रपाषाण काळातली मातीची भांडी सापडली, म्हणजे सातवाहनांच्याही कितीतरी आधी इथे कुणीतरी चूल मांडून बसलं होतं. आज त्याच गढीची नदीकडची माती पावसाळ्यात ढासळते आणि वर लोक राहतात. अख्ख्या नाशिकमधली सगळ्यात जुनी वस्ती, आणि तिची बातमी येते ती फक्त कडा कोसळला की.

वाडे का पडतात याचं उत्तर सगळ्यांना माहिती असतं पण कुणी एका दमात सांगत नाही, मी सांगते. भाडेकरू जुन्या भाड्यात, मालकाला तेवढ्या पैशात एक कौलसुद्धा बदलता येत नाही, म्हणून तो दुरुस्ती करत नाही, भाडेकरू म्हणतो माझं घर नाही तर मी का करू, मालक मेला की सात वारस, त्यातला एक पुण्यात एक अमेरिकेत एक कुणाशीच बोलत नाही, आणि हे सगळे चुकून एका टेबलावर आलेच तरी बोळ इतका अरुंद की नवी बिल्डिंग मनासारखी उंच बांधता येत नाही, मग बिल्डर चहा पिऊन निघून जातो. क्लस्टर क्लस्टर म्हणून बरीच वर्षं ऐकतेय. म्हणजे शेजारशेजारचे वाडे एकत्र करून विकास. आमच्या एका वाड्यात सात सह्या होत नाहीत, आठ वाड्यांच्या कोण आणणार?

दरम्यान बाकीचं शहर निघून गेलं. सातपूरला एमआयडीसी आली, सिडको आलं, १९८२ ला महापालिका झाली, नंतर तिचं मुख्यालयही मेन रोड सोडून शरणपूर रोडला गेलं. लग्नाचा बस्ता, भांडी, सोनं याला अजून गावातच यावं लागतं, पण पोरं कॉलेज रोडला. मी स्वतः शूज ऑनलाइन घेते आणि मग सराफ बाजारात उभी राहून गाव मेलं म्हणून हळहळते, हा दुटप्पीपणा मान्य आहे.

सराफ बाजारात उभं राहिलं की पायाखाली सरस्वती असते. खरंच. सरस्वती नाला, दहीपुलाखालून वाहणारा. पूल नावाचं ठिकाण आहे पण पूल दिसत नाही, कारण नाला वरून कधीच झाकून टाकला आणि त्याच्यावर बाजार बसला. जोराचा पाऊस आला की तिला आठवण येते की आपण नदी आहोत. २००८ च्या सप्टेंबरात, मग २०१६ ला, २०१९ ला, खालून गंगा फुगली आणि वरून हिचं पाणी, आणि सराफांच्या पेढ्यांमध्ये चिखल. गंगेला किती पूर आहे हे बघायला आमच्याकडे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. हल्ली धरणातून इतके क्युसेक सोडले असा मेसेज येतो पण आई अजूनही विचारते, मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते सांग. आजी त्याच्याही पुढची, तिचं नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर लक्ष. ती पोर्तुगीज घंटा, १७२१ साल कोरलेली, वसईच्या विजयानंतर आणलेली, आणि तिला पाणी लागून ती वाजली की मग खरा पूर, असं ती म्हणायची.

आणि अरुणा नदी तर रामकुंडाला येऊन मिळते म्हणे, दिसत कुणालाच नाही.

झाकायची ही सवयच आहे आपल्याला. दर बारा वर्षांनी कुंभ येतो, निधी येतो, आणि गावाचा मेकअप होतो. २००३ च्या कुंभासाठी नदीच्या तळालाच काँक्रीट केलं, साधूंना आणि भाविकांना उभं राहायला बरं पडावं म्हणून. रामकुंडाच्या परिसरात १९१७ च्या जुन्या नकाशात सतरा कुंडं दाखवलेली आहेत, त्यांतली बरीच त्या काँक्रीटखाली गेली, आणि कुंडांतले जिवंत झरेही. मग लोक कोर्टात गेले, आणि पुढे स्मार्ट सिटीच्या पैशातून तेच काँक्रीट फोडायचं काम सुरू झालं. म्हणजे एकदा घालायला पैसे, एकदा काढायला पैसे. तरी मी काढण्याच्या बाजूची आहे, हे सांगून ठेवते, कारण गंगापूर धरणातून पाणी सोडलं तरच रामकुंडात पाणी हलतं, स्वतःचा एखादा झरा तरी नदीला असू द्या.

गर्दीचा प्रश्न खोटा नाहीये. २००३ लाच सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. तेव्हा मी कॉलेजात होते, पंचवटीतल्या मावशीकडे संध्याकाळपर्यंत फोन लागत नव्हता. त्यामुळे रस्ते रुंद करायचे म्हणतात तेव्हा मी लगेच वारसा वारसा म्हणून ओरडत नाही. फक्त दहा-पंधरा दिवस येणाऱ्यांसाठी गाव आखायचं आणि बारा वर्षं राहणाऱ्यांनी त्यात बसायचं, हे उलटं वाटतं.

आता २०२७ चा कुंभ तोंडावर आहे. रामकुंड ते काळाराम या भागासाठी रामकाल पथ नावाचं काम आहे. नाव छान आहे. पण काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला, तो काळ पण याच पथावरचा आहे. नदीच्या अलीकडे विजयानंद थिएटर, जिथे १९०९ ला अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. एवढाल्या बोळांमध्ये इतकं सगळं कोंबलंय की एकाच काळाच्या दगडी फरशीखाली ते मावणार नाही.

परत येताना तिवंध्यावर साबुदाणा वडा खाल्ला (सायंताराचा, दुसरा चालत नाही) आणि आमच्या आळीतले काका भेटले. वय ऐंशीच्या आसपास, रंगपंचमीच्या रहाडीचं सगळं बघणाऱ्यांतले. बाहेरच्यांसाठी सांगते, रहाड म्हणजे रस्त्याखालचा पेशवेकाळातला हौद. वर्षभर तो लाकडी ओंडके टाकून, माती घालून बंद असतो, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी उघडायचा, साफ करायचा, फुलांचा रंग उकळून टाकायचा, पूजा करायची, आणि मग धप्पा, म्हणजे त्यात उडी. तिवंध्याच्या रहाडीचा रंग पिवळा, तो अंगावरून आठवडाभर जात नाही. गावात अशा कितीतरी रहाडी होत्या, आता मोजक्याच उघडतात.

मी काकांना म्हटलं, काका, रस्त्याचं काम निघालं, वर नवीन फरशी टाकली, लेव्हल बदलली, तर मग रहाड कशी उघडणार?

"तुझ्या आजोबांच्या वेळी डांबर टाकलं होतं गं. आम्ही फोडलं. कुठंय ते आम्हाला माहितीये, बाकीच्यांना काय टाकायचंय ते टाकू दे," म्हणाले, आणि वाड्याकडे बघून विचारलं, "ते टेकू कधी काढताय?"