परदेशात लोकल गाइड घ्यायचा का? घ्यायचाच, आणि त्याच्याशी नीट वागायचं

आमच्या साताऱ्यातून आता परदेशी फिरायला जाणारे बरेच झालेत, दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात तर आमच्या गल्लीतलंच कुणी ना कुणी थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, श्रीलंका करून येतं. जायच्या आधी लोक मला फोन करून विचारतात, व्हिसाचं कसं, डॉलर किती घ्यायचे, जेवणाचं काय, चितळ्यांची बाकरवडी किती पाकिटं न्यायची. मी सगळं सांगते आणि शेवटी विचारते की गाइड ठरवलाय का? तर नव्वद टक्के वेळा एकच उत्तर येतं, "गाइड कशाला गं, यूट्यूबवर सगळं असतंय की." किंवा मग, "आमच्या टूरबरोबर माणूस आहे ना."

यातलं दुसरं उत्तर आधी घेते कारण तिथं खूप गैरसमज आहे. टूर कंपनीचा जो माणूस आपल्याबरोबर मुंबईहून विमानात बसतो तो टूर मॅनेजर. पासपोर्ट गोळा करणं, हॉटेलच्या रूम वाटणं, कुणाला जैन जेवण, कुणाचे गुडघे दुखतायत, हे सगळं तो बघतो आणि ते काम सोपं नाही. पण त्या जागेबद्दल बोलायचा परवाना त्याच्याकडं नसतो, बऱ्याच देशांत कायद्यानंच नसतो. इटलीत, इजिप्तमध्ये, कंबोडियात परीक्षा देऊन लायसन घेतलेलाच माणूस गाइड म्हणून काम करू शकतो. मी म्हणतेय तो हा गाइड, तिथंच जन्मलेला, तिथली भाषा बोलणारा आणि त्या जागेचा अभ्यास केलेला.

आता हे मला इतकं का वाटतं ते कास पठारावरून सांगते, कारण कास आपल्या दारात आहे. सप्टेंबरमधे शनिवार रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, माणसं पठारावर येतात, फुलांचा गुलाबी पिवळा गालिचा कुठाय म्हणून शोधतात, सेल्फी काढतात आणि अर्ध्या पाऊण तासात भजी खायला परत. त्याच पठारावर आजूबाजूच्या गावातली पोरं गाइड म्हणून असतात. त्यातला एखादा बरोबर घ्या, तो तुम्हाला खाली वाकायला लावेल आणि दवबिंदू दाखवेल, नखाएवढी वनस्पती, पानावर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. ती जांभळी सीतेची आसवं म्हणजेसुद्धा किडे खाणारी वनस्पती आहे, तिचे सापळे मातीत असतात, हे त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं? टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, मग मधल्या वर्षी आलेल्या माणसाला ती नुसती झुडपं वाटणार. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं, पण ते का गेलं हे कळायला शेजारच्या गावचं पोरगं लागतं. आपण परदेशात जातो तेव्हा त्या पुण्या-मुंबईच्या गाडीतली माणसं आपण असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आम्ही कंबोडियाला गेलो तेव्हा नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी असे चौघं होतो. अंकोर म्हणजे तिथला जुन्या देवळांचा मोठा परिसर, त्याचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर आणि तीन दिवसांचा ६२ डॉलर, त्यात गाइड धरलेला नसतो, तो वेगळा ठरवायचा, आणि टुकटुक किंवा गाडीवाला आणखी वेगळा. आमचा गाइड पन्नाशीच्या पुढचा, सरकारी गाइडचा युनिफॉर्म आणि गळ्यात ओळखपत्र, आवाज एकदम हळू.

अंकोर वाटच्या भिंतींवरच्या शिल्पपट्ट्यांपाशी आलो तर सासूबाई सवयीनं देऊळ उजव्या हाताला ठेवून निघाल्या, आपण प्रदक्षिणा घालतो तशा. तो थांबला आणि फार अदबीनं म्हणाला की आई, इथं उलट्या बाजूनं जायचं, ही शिल्पं तशीच क्रमानं कोरलीत. मग त्यानं समजावलं की देऊळ पश्चिमाभिमुख आहे, शिल्पं उलट्या फेरीनं वाचायची आहेत, म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं बाराव्या शतकात हे विष्णूचं देऊळ बांधलं ते स्वतःच्या मृत्यूनंतरचाही विचार करून. सासूबाईंना एका क्षणात पटलं, आपल्याकडंही अंत्यविधीत उलटी फेरी असतेच की. मी जायच्या आधी इतके व्हिडिओ बघितले होते, पण कुठल्या बाजूनं चालायचं आणि का, हे माझ्या डोक्यात बसलं ते तिथं, त्याच्या मागून चालताना.

पुढं कुरुक्षेत्र, शरपंजरी भीष्म, मग रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम आणि पापपुण्याचा निवाडा करणारा चित्रगुप्त, आणि पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन. जवळजवळ ४९ मीटर लांब एकच पट्टी, एकीकडं ९२ असुर, दुसरीकडं ८८ देव, मधे विष्णू, वासुकी ताणलेला. देवांच्या टोकाला शेपटीपाशी एक वानर आहे, तो म्हणाला हा हनुमान. सासूबाई लगेच, "अहो समुद्रमंथनात हनुमान कुठला, तो रामायणातला." मी जरा कसनुसं होऊन भाषांतर केलं. त्यानं वाद घातला नाही, उलट विचारलं, तुमच्याकडं ही गोष्ट कशी सांगतात? मग सासूबाईंनी मोहिनी, राहू केतू, हलाहल सगळं साग्रसंगीत सांगितलं, मी इंग्रजीत करत गेले, तो वहीत लिहून घेत होता आणि मग त्यानं त्यांच्याकडची रामाची गोष्ट, रामकेर, कशी वेगळी आहे ते सांगितलं. त्या दिवशी आमचं बाकीचं वेळापत्रक पार कोलमडलं आणि माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला तास तो होता.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं कारण आपल्या लोकांची एक सवय मला तिथं फार खटकली. शेजारी आपलाच एक भारतीय ग्रुप होता, त्यांचा गाइड बोलतोय आणि त्यातले एक काका मोठ्यानं, हे सगळं आपलंच आहे हो, यांना काय माहीत, यांना सगळं आपण शिकवलं. तो गाइड हसून गप्प बसला. अरे त्यांच्या राष्ट्रध्वजावर अंकोर वाट आहे! आज तिथं भिक्खू पूजा करतात, शेकडो वर्षं ते बौद्धांचं चालतं देऊळ आहे. नातं आहे, नक्कीच आहे, आपल्या पुरातत्त्व खात्यानं १९८६ ते १९९३ तिथं जतनाचं काम केलं, हे आम्हाला आमच्या गाइडनंच अभिमानानं सांगितलं. पण कासला येऊन कुणी आपल्याला म्हणालं की हे पठार आमच्यामुळं आहे, तर कसं वाटेल? दुसऱ्याच्या घरात आहोत, ऐकून घ्यावं, शंका असेल तर विचारावी.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीत पंधरा ते वीस लाखांच्या घरात माणसं मेली. उपासमार, सक्तीची मजुरी, कत्तली. म्हणजे पन्नाशी साठीतल्या गाइडनं ते लहानपणी भोगलेलं असणार. जेवणाच्या टेबलावर भात कालवता कालवता "तुमच्या घरातले कोण कोण गेले" असं विचारायचं नसतं. आम्ही काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत त्यानं आपणहून वडिलांबद्दल सांगितलं, नवऱ्यानं फोन खिशात ठेवला, मुलीनं कानातले इयरफोन काढले, आणि आम्ही ऐकलं. श्रीलंकेत युद्धाबद्दल, व्हिएतनाममध्ये अमेरिकेबद्दल, सगळीकडं हेच, त्यांनी विषय काढला तर ऐकायचं.

आता पैशाचं, कारण तिथंच सगळी गडबड होते. जे बोलायचं ते आधी. किती तास, तिकिटं कुणाची, गाडी कुणाची, भाषा कुठली, वय झालेली माणसं बरोबर आहेत का, आणि दुकानांत न्यायचं नाही, हे व्हॉट्सअपवर लिहून घ्यायचं. दुकानाचं सगळीकडं असतं, रेशीम, रत्नं, मसाले, गाइडला कमिशन मिळतं, त्यात त्याला वाईट ठरवायची गरज नाही, पण आपल्याला नको असेल तर सकाळीच गोड शब्दांत सांगावं. दर पटत नसेल तर एकदा विचारावं, जमलं तर जमलं. पण एकदा ठरल्यावर संध्याकाळी "आज आपण दोनच देवळं बघितली, थोडं कमी करा" हे करू नये, मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला करतो तसली घासाघीस माणसाच्या दिवसभराच्या कामाला लावायची नसते.

गेटवर जो पहिला अंगावर येतो तो बहुतेक वेळा लायसनवाला नसतो. कार्ड बघायचं, मागितलं तर खरा गाइड आनंदानं दाखवतो. आणि दुसऱ्याच्या गाइडच्या मागं उभं राहून फुकट कान लावायचा नाही, हे आपल्याकडं अजिंठा वेरूळलासुद्धा सर्रास चालतं, मला बघवत नाही.

टिपचं देशागणिक वेगळं आहे. कंबोडियात डॉलर चालतात पण नोट कोरी लागते, जरा फाटलेली असली की कुणी घेत नाही, म्हणून इथूनच बघून न्या, आणि देताना दोन्ही हातांनी द्या, ड्रायव्हरला वेगळी. इजिप्तमध्ये बक्षीस हा रोजच्या व्यवहाराचाच भाग आहे. जपानमध्ये टिपेची पद्धतच नाही, उगाच हातात नोट कोंबली तर समोरचा अवघडतो, तिथं छोटी भेटवस्तू बरी. युरोपात ज्या 'फ्री वॉकिंग टूर' असतात त्या नावाला फ्री, त्या पोरांची कमाई टिपेवरच असते, दोन तास ऐकून शेवटच्या चौकात हळूच सटकणारे आपले लोक असतात असं मुलगी प्रागहून आल्यावर सांगत होती, हे कृपया करू नका. आम्ही कंदी पेढे नेतो, गाइडच्या घरी मुलं असतात, त्यांना आवडतात. पण पेढे टिपेबरोबर द्यायचे, टिपेच्या बदल्यात द्यायचे नाहीत.

जेवायला बोलवावं, पण तो ड्रायव्हरबरोबर मागं बसून खाणार म्हणाला तर आग्रह करू नये, बऱ्याच हॉटेलांत त्यांची सोय असते आणि त्याला अर्धा तास आपल्याशिवाय हवा असतो. दिवसभर फोटो काढायला लावू नये. वेळ पाळावी, सूर्योदयासाठी पावणेपाचला खाली या म्हणाला की पावणेपाच.

आणि त्याचं ऐकावं! अंकोर वाटचा सगळ्यात वरचा भाग बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे त्यांच्या व्रताच्या दिवशी बंद असतो, खांदे गुडघे झाकलेले नसतील तर वर सोडत नाहीत, हे आमच्या गाइडनं आदल्या रात्रीच कळवलं म्हणून वाचलो. श्रीलंकेत बुद्धाच्या मूर्तीकडं पाठ करून फोटो काढणं अपमान समजतात, गाइड डोळ्यानं खुणावतो, तेव्हा "एकच काढते" करू नये. व्हॅटिकनला सिस्टिन चॅपलमध्ये बोलायला बंदी आहे, म्हणून गाइड बाहेरच अंगणातल्या फलकांपाशी उभं करून छतावरच्या चित्रांत काय काय आहे ते समजावतात. लोक कंटाळतात, चला ना आत म्हणतात, आणि आत गेल्यावर माना वर करून कोण कुठला ते कळत नाही. बाहेरची ती वीस मिनिटंच खरी.

सगळीकडं गाइड लागतो असं माझं म्हणणं नाही. सिंगापूरला आम्ही घेतला नाही, समुद्रकिनाऱ्यावर तर प्रश्नच नाही, मोठ्या म्युझियममध्ये चांगला ऑडिओ गाइड असेल तर तो पुरतो. पैसे मोजके असतील तर सगळे दिवस घेऊ नका, पहिला दिवस घ्या, शहर कळतं, बाजार कळतो, काय खायचं कळतं, पुढं आपले आपण फिरा.

परत आल्यावर ऑनलाइन रिव्ह्यू लिहा आणि त्यात त्याचं नाव लिहा, एजन्सीचं नुसतं नको, कारण पुढचं काम त्याला त्या नावावर मिळतं. काही खटकलं असेल तर ते त्याच दिवशी त्याला तोंडावर सांगा, घरी येऊन एक स्टार देऊ नका. आम्ही आता इंडोनेशियातल्या जावाचं ठरवतोय, बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपावर चढायला ठराविक वेळेचं तिकीट, पायात त्यांनी दिलेली 'उपानत' नावाची सँडल आणि बरोबर गाइड असा नियमच आहे, आणि प्रंबाननच्या देवळात रामायण कोरलंय म्हणून सासूबाईंनी आत्तापासून प्रश्न लिहून ठेवलेत. तिकडं कुणी चांगला गाइड घेतला असेल तर खाली नक्की सांगा, नंबर नको, कुठून ठरवला आणि कसा होता एवढं पुरे.